पंपाशेजारचा बाक

माझ्या घराजवळच्या बागेत चौदा बाक आहेत. त्यांतला सगळ्यात वाईट कोणता, असं एखाद्या नवख्या माणसाला विचारलं तर तो बिनचूक पंपाशेजारच्या बाकाकडे बोट दाखवेल. म्हणजे, वर्षभरापूर्वी दाखवलं असतं. समोर बघायला काहीही नाही. पंपाची पत्र्याची खोली, तिच्या दारावर कवटी आणि दोन हाडं, बाजूला गुंडाळून ठेवलेला हिरवा पाइप. पाठीमागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे रस्ता. संध्याकाळी झाडांना पाणी सोडायची वेळ झाली की पंप सुरू व्हायचा आणि दोन तास घुंऽऽ करत राहायचा. तरी हा बाक संध्याकाळी कधी रिकामा मिळायचा नाही. कारंज्यासमोरचे बाक मोकळे, आणि इथे नंबर लागलेला.

मला वाटायचं, कोपरा आहे म्हणून. जोडपी बसतात, जोडप्यांना कोपरा लागतो, विषय संपला. पण तिथे बसणाऱ्यांत जोडपी निम्मीच असायची. एक काकू यायच्या, एकट्या, फोनवर बोलायला. एक डिलिव्हरीवाला मुलगा गाडी फाटकाबाहेर लावून यायचा आणि हेल्मेट मांडीवर ठेवून कुणाशी तरी भोजपुरीत भांडायचा. कॉलेजच्या दोन मुली एका वहीवर डोकी खुपसून बसायच्या आणि अभ्यास अजिबात करायच्या नाहीत.

मग एक दिवस मलाच घरी फोन करून सांगायचं होतं की मी नोकरी सोडली. (सोडली म्हणजे सोडायला लावली. पण ते बाबांना दुसऱ्या फोनमध्ये सांगायचं ठरवलं होतं.) आम्ही दोन खोल्यांत चौघंजण राहतो. गॅलरीत उभं राहून बोललं की शेजारच्या गॅलरीतल्या आजी न बोलावता संभाषणात येतात. म्हणून बागेत गेलो. घसरगुंडीजवळ पोरांचा गलका. मधल्या हिरवळीभोवती चकरा मारणारे आजोबा दर दोन मिनिटांनी शेजारून जाणार. शेवटी पंपाजवळचा बाक अर्धा रिकामा दिसला, तिथे बसलो. चाळीस मिनिटं बोललो. उठताना लक्षात आलं की मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो होतो, दोनदा आवाज फुटला होता, आणि हातभर अंतरावर बसलेल्या जोडप्याने मान वळवली नव्हती. मलाही त्यांच्या बोलण्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांनी मी विल्यम एच. व्हाइट या अमेरिकन माणसाचा ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हा माहितीपट पाहिला. फोनवर, त्याच बाकावर, इअरफोन घालून. याच नावाचं त्याचं पुस्तक १९८० सालचं. व्हाइट मूळचा पत्रकार. कॉर्पोरेट नोकरदारांवर १९५६मध्ये त्याने लिहिलेलं पुस्तक बरंच गाजलं होतं. नंतर त्याला एका प्रश्नाने पछाडलं: न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या पायथ्याशी मोकळ्या जागा आणि छोट्या बागा आहेत. त्यांतल्या काही गजबजलेल्या असतात आणि काही ओस पडतात, असं का? त्याने गच्च्यांवर कॅमेरे लावले, हाताशी तरुण मदतनीस घेतले आणि माणसं मोजायला सुरुवात केली. कोण कुठे बसतं, किती वेळ, एकटं की कुणासोबत.

बागांवरचा एवढा मजेशीर माहितीपट मी दुसरा पाहिलेला नाही. त्यात व्हाइटचा स्वतःचा आवाज आहे, जरा खट्याळ, लग्नात कोपऱ्यात बसून सगळ्यांवर शेरे मारणाऱ्या मामासारखा. त्याचा मोठा शोध असा की माणसं तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की आपल्याला हसू येतं, आणि मग आठवतं की आपल्या शहरात एवढं साधं कळलेली माणसं फार नाहीत. त्याला असंही दिसलं की लोक म्हणतात आम्हाला गर्दीपासून लांब जायचंय, आणि जाऊन बसतात गर्दीतच. दोन ओळखीचे भेटले की ते बाजूला होत नाहीत, वाहत्या रस्त्याच्या मध्यावर उभे राहून गप्पा मारतात. कुठल्याही मंडईच्या तोंडाशी जाऊन बघा.

माझा बाक मला सापडला तो पॅली पार्कच्या भागात. मॅनहॅटनमध्ये ५३व्या रस्त्यावर पूर्वी स्टॉर्क क्लब नावाचा नाइट क्लब होता. तो पाडून १९६७मध्ये तिथे ही बाग झाली. सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीचे प्रमुख विल्यम पॅली यांनी वडिलांच्या नावाने ती बांधली, आराखडा रॉबर्ट झायन यांचा. आकार फक्त ४,२०० चौरस फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर सहाशे चौरस फुटांचे सात वन बीएचके एकाशेजारी एक ठेवले की संपली बाग. तीन बाजूंना इमारती, त्यांतल्या दोन भिंतींवर वेल, डोक्यावर हनी लोकस्ट नावाच्या बारीक पानांच्या झाडांचं विरळ छत, उचलून हलवता येतील अशा तारेच्या खुर्च्या, फाटकाशी खाण्याचं छोटं दुकान. आणि मागची अख्खी भिंत म्हणजे वीस फूट उंचीचा धबधबा.

या धबधब्याबद्दल व्हाइटने जे लिहिलंय ते मला त्या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याने भिंतीजवळ आवाज मोजला तर तो साधारण ७५ डेसिबल भरला, बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त. मग तो टेप करून त्याने लोकांना ऐकवला आणि विचारलं, हे काय आहे? लोकांनी तोंडं वेडीवाकडी केली. कुणाला ती भुयारी रेल्वे वाटली, कुणाला हायवेवरचे ट्रक. तोच आवाज बागेत बसून ऐकणाऱ्यांना मात्र छान वाटत होता. कारण तो रस्त्यावरचे हॉर्न आणि आदळआपट झाकत होता, आणि त्याच्या आडोशाने माणसांना खासगी बोलता येत होतं. तुडुंब भरलेल्या बागेत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, व्यापारी भागासाठी ६५. डेसिबलच्या पट्टीवर १० वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवली जाणारी ही बाग आपल्या नियमात बसवायला गेलं तर गुन्हेगार ठरेल. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. डीजेसमोर झोपलेल्या बाळाच्या आईला विचारा. पण बागेत माणसाला काय आवडतं हे त्या मीटरवर दिसत नाही, एवढं नक्की.

आपल्या बागांमध्ये ‘शांतता राखा’ची पाटी असते. बागेचं कौतुक करतानाही आपण ‘किती शांत आहे’ असंच म्हणतो. मला आता वाटतं की हे आपण सवयीने म्हणतो. एक-दीड एकराच्या बागेत खरोखर शांतता झाली तर प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकू येईल. घरातही आपल्याला तेच तर नको असतं. व्हाइटचे बहुतेक लोक दुपारी डबा खायला बाहेर पडलेले ऑफिसवाले आहेत. आमच्या बागेत येणारे लोक घरात स्वतःची खोली नसल्यामुळे येतात. सुनेला माहेरी बोलायचं असतं, मुलाला परीक्षेचा निकाल लागल्याचं कुणाला तरी आधी सांगायचं असतं, कुणाला नुसतं रडायचं असतं. त्यांना हवा असतो असा आवाज की ज्याला काही अर्थ नाही, जो कुणाचा नाही आणि ज्याच्यामागे लपता येतं. धबधब्यात जाडे-बारीक सगळे सूर मिसळलेले असतात, म्हणून बोलण्यातले शब्द त्यात चटकन बुडतात. आमचा पंप त्यामानाने गरीब, एकसुरी. पण भिंतीपलीकडचा रस्ता त्याला साथ द्यायचा आणि दोघं मिळून काम भागवायचे.

मागच्या वर्षी बागेचं सुशोभीकरण झालं. पंप लांबच्या टोकाला जमिनीखाली गेला. तो आता ऐकूही येत नाही. पत्र्याच्या खोलीच्या जागी फायबरचा जिराफ आला. आणि सगळ्या बागेत खांबांवर स्पीकर लागले. सकाळी भक्तिगीतं, संध्याकाळी जुनी भावगीतं आणि हिंदी गाणी. आवाज फार मोठा नसतो, तक्रार करावी असा तर नाहीच. गाणीही वाईट नसतात. अडचण अशी आहे की त्यांना शब्द आहेत. ओळखीच्या भाषेतला शब्द कानावर पडला की मन त्याच्यामागे जातंच, अडवता येत नाही. घरी काहीतरी अवघड सांगत असताना वर चंद्र, चांदणं आणि सजणा सुरू असेल तर बोलणाऱ्याचंही चित्त उडतं आणि पलीकडचाही विचारतो, ‘कुठे आहेस तू? कुणाचं लग्न आहे?’ शिवाय दोन गाण्यांच्या मध्ये चार-पाच सेकंद गॅप येतो. त्या गॅपमध्ये बागेतल्या निम्म्या लोकांची अर्धी वाक्यं उघडी पडतात. मी एकदा ऐकलंय, ‘...पण तुझ्या आईला कोण सांगणार?’ आणि पुढचं गाणं सुरू.

बागेत मुद्दाम आवाज करण्याचा आणखी एक प्रकार आपल्याच मातीतला आहे. १९९५च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला ते विनोद सांगायचे. काही दिवसांत विनोद संपले, मग विनोदाशिवाय हसायचं ठरलं, आणि ती पद्धत जगभर गेली. पहाटे सहाला खिडकीखाली वीस माणसं कारण नसताना ‘हा हा हा’ करू लागली की काय होतं हे मला माहीत आहे, त्यामुळे फार प्रेमाने बोलवत नाही. पण तो आवाज करायला माणसं स्वतःच्या पायांनी येतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. खांबावरच्या स्पीकरला कुणी मागितलेलं नव्हतं.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत एका मैत्रिणीला सांगितलं. व्हाइट, ७५ डेसिबल, अर्थ नसलेला आवाज, पंप. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, पण मी त्या बाकावर अंधार पडल्यावर कधीच बसले नाही. मागून कोण येतंय ते ऐकूच यायचं नाही.” ती बागेत चालताना एकाच कानात इअरफोन घालते, हे मी कित्येकदा पाहिलं होतं. का, ते विचारलं नव्हतं. तिला आमच्या बागेतली पूर्वेकडची मातीची वाट आवडायची, कारण तिच्यावर शिरीषाचा पाचोळा पडलेला असायचा आणि कुणी वीस पावलांवर असलं तरी कुरकुर ऐकू यायची. सुशोभीकरणात त्या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसले. रोज सकाळी झाडून लख्ख होते. “आता माणूस एकदम शेजारी उगवतो,” ती म्हणाली.

माझी मांडणी यामुळे कोसळली असं मला वाटत नाही, पण अर्धी झाली हे खरं. ज्या आवाजाने मला आडोसा दिला त्यानेच तिचा पहारा काढून घेतला. आणि इथे व्हाइटबद्दल माझी मुख्य तक्रार आहे. तो बायका मोजतो. एखाद्या जागी बायकांचं प्रमाण नेहमीपेक्षा कमी दिसलं तर तिथे काहीतरी बिघडलंय, हे त्याचं निरीक्षण आजही उपयोगी आहे. पण गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून ती बसलीय एवढंच दिसतं. तिचा कान कुठे आहे ते दिसत नाही. माणूस एका जागी टिकून का राहतो किंवा काही न घडताही उठून का जातो, यातलं बरंच काही चित्रात येत नाही. व्हाइटला हे धबधब्याजवळ जाणवलं होतं. टेपरेकॉर्डर घेऊन तो खाली उतरला, लोकांना आवाज ऐकवले, आणि एवढी जबरदस्त गोष्ट हाती लागल्यावर दोन परिच्छेदांत पुन्हा गच्चीवर गेला.

त्याच सुमारास कॅनडात संगीतकार आर. मरे शेफर आवाजांचा नकाशा काढता येईल का, याचा विचार करत होता. एखाद्या जागेची ओळख बनलेल्या आवाजाला त्याने ‘साउंडमार्क’ म्हटलं, लँडमार्कवरून. जपानच्या पर्यावरण खात्याने तर १९९६मध्ये देशातले जपून ठेवावेत असे १०० ध्वनिप्रदेश निवडले आणि २००१मध्ये १०० गंधप्रदेश. सरकारी यादीत वास! आपल्याकडे अशी यादी झाली तर छोट्या बागेचा साउंडमार्क कोणता असेल यात मला शंका नाही. वॉचमनची शिट्टी. हिरवळीवर पाय पडला, शिट्टी. मोठं पोर झोक्यावर बसलं, शिट्टी. दोघं जरा जवळ बसली, लांब शिट्टी. पावणेआठ वाजले, तीन शिट्ट्या. आमचे वॉचमन काका स्वभावाने फार गरीब आहेत. मी एकदा विचारलं की तोंडाने सांगत का नाही. म्हणाले, “तोंडानं सांगितलं की लोक वाद घालतात. शिट्टीशी कोण वाद घालणार?”

वासाबद्दल व्हाइट जवळजवळ गप्प आहे. खाण्याच्या गाड्या असल्या की माणसं जमतात आणि माणसं जमली की आणखी माणसं येतात, हे तो आवर्जून सांगतो, पण नाकापर्यंत पोचत नाही. आमच्या बागेत संध्याकाळचे पाच वाजले हे मला फाटकाबाहेरच्या भेळवाल्याच्या कांदा-कोथिंबिरीवरून कळतं. महिना कोणता ते झाडांवरून कळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन झाडं एकाच वेळी फुलतात आणि त्यांचं आपसात अजिबात पटत नाही. एक बुच, म्हणजे आकाशमोगरा. उंच झाड, रात्रीतून लांब दांड्यांची पांढरी फुलं खाली पडतात, सकाळी मुली ती वेचून दोऱ्याशिवाय वेणी गुंफतात. वास एवढा हलका की फूल हातात घेऊन नाकाशी न्यावं लागतं. दुसरी सातवीण, जिला सप्तपर्णीही म्हणतात. तिला कुणी नाकाशी नेत नाही, तीच येते. दिवेलागणीनंतर तो जड, गोडसर वास असा काही भरून येतो की अर्धी बाग खूश आणि अर्ध्या बागेचं डोकं दुखतंय. पुण्यामुंबईत रस्त्याकडेला ही झाडं भरपूर लावली गेली आणि दर दिवाळीच्या आसपास त्यांच्याबद्दल कुरकुर होते. मी डोकं दुखणाऱ्यांतला आहे. पण ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालेला असताना एका संध्याकाळी तो वास पहिल्यांदा येतो, तेव्हा थंडी येणार हे मला हवामान खात्याच्या आधी कळतं, आणि डोकं दुखूनही बरं वाटतं.

वासाला आडोसा नसतो. पंप चालू करून तो झाकता येत नाही. आमच्या बागेच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात कुणी बसत नाही, कारण तिथे स्वच्छतागृह आहे. त्याच्या बायकांच्या बाजूला कुलूप असतं आणि पुरुषांच्या बाजूचा वास बाहेर असतो. त्या कोपऱ्यात बागेतलं सगळ्यात देखणं सुशोभीकरण झालंय: भिंतीवर मोर, खाली ‘आय लव्ह’वालं लाल बदामाचं सेल्फी पॉइंट. फोटो फार छान येतात. लोक श्वास रोखून काढतात आणि पळतात. मला हा कोपरा आपल्याकडच्या सगळ्या सुशोभीकरणाचं चित्र वाटतो. बाग आता फोनच्या पडद्यावर कशी दिसेल याचा विचार करून केली जाते. आणि रील बनवणारेही आपणच आहोत, मीसुद्धा. पहिला पाऊस पडला की ‘पेट्रिकोर’ अशी कॅप्शन टाकून मोकळे होतो. हा शब्द १९६४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी बनवला, कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासासाठी. त्या वासात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. म्हणजे माती उघडी हवी. या वर्षी जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा मी मुद्दाम बागेत गेलो. पेव्हर ब्लॉकवरून गरम सिमेंटचा वास आला. मातीचा वास बाहेरच्या रिकाम्या प्लॉटवरून येत होता, जिथे कचरा टाकतात.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, २००६मध्ये झालेलं, ओकायामा शहरातल्या कोराकुएन या सतराव्या शतकाच्या अखेरीच्या बागेवरून बेतलेलं. दहा एकरांचं, त्यामुळे छोट्या बागेत मोडत नाही, पण इथे ते आठवतं. जपानी बागेची आपली कल्पना म्हणजे लाकडी पूल, तळं, कातरलेली झुडपं. तिथले फोटोही तेवढ्याचेच निघतात. पण जपानी बागकामात कानासाठी वेगळी व्यवस्था असते. बांबूची नळी पाण्याने भरली की कलंडते आणि दगडावर टक् करून आपटते. जमिनीत पुरलेल्या भांड्यात थेंब पडून किणकिण ऐकू येते. पुण्याच्या त्या बागेत मी गेलो तेव्हा लोक पुलावर फोटो काढायला थांबत होते आणि निघून जात होते. पाणी दगडांवरून खळखळत उतरतं तिथे मात्र फोन खिशात ठेवून उभे होते. एक आजोबा तर डोळे मिटून. त्यांच्या नातवाला पाण्यात हात घालायचा होता आणि त्याची आई त्याला मागे ओढत होती.

याबाबतीत व्हाइट ठाम आहे. लोकांसमोर पाणी ठेवायचं आणि मग त्यांना त्यापासून लांब ठेवायचं, याची त्याला चीड येते. त्याच्या माहितीपटात माणसं बूट-मोजे काढून पाय पाण्यात सोडतात, आणि त्यांना हटकणारे पहारेकरीही आहेत. खुर्च्यांचं त्याचं निरीक्षण तर सगळ्यांना आवडतं: हलवता येणारी खुर्ची दिसली की माणूस बसण्याआधी ती जराशी हलवतो. कधी एखादी वीत, कधी फिरवून परत तिथेच. कारण काहीच नसतं. तेवढ्यापुरती ती त्याची होते. आमच्या बागेतले बाक काँक्रीटमध्ये रोवलेले आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर कुणाच्या तरी निधीतून झाल्याचं नाव कोरलंय. नवे बाक काळ्या ग्रॅनाइटचे, मध्ये एक लोखंडी हात, म्हणजे कुणी आडवं पडू नये. ‘नको असलेल्या’ माणसांच्या भीतीने जागा सगळ्यांसाठीच वाईट होते, हेही व्हाइटने लिहून ठेवलंय. मे महिन्यात चार वाजता बाग उघडते तेव्हा या ग्रॅनाइटवर बसता येत नाही. आज्या घरून घडी केलेलं पोतं आणतात. पंपाशेजारचा जुना बाक मोझॅकचा होता. कडा झिजलेल्या, मध्ये एक खोलगट भाग, आणि उन्हाळ्यातही गार.

हिरवळीबद्दल बोलायलाच नको. सकाळी दवावर अनवाणी चाललं की डोळ्यांना चांगलं, असं आमच्या आजीच्या पिढीने ऐकलेलं. तिने माझ्याही मनावर ठसवलंय. वैद्यकीयदृष्ट्या त्यात किती तथ्य आहे ते सोडा. सहा वाजता, वॉचमन काका चहा प्यायला गेलेले असताना, तीन-चार बायका चपला हातात घेऊन साखळीखालून आत शिरतात आणि ओल्या गवतावर गोल फिरतात. त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते ट्रॅकवरून घड्याळ बघत चालणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. शिट्टी वाजली की हसत बाहेर येतात.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास लाइट गेले. उजेड होता अजून. खांबांवरचे स्पीकर गाण्याच्या मधोमध बंद पडले, ओपन जिमजवळचं एलईडीचं कारंजं खाली बसलं, आणि बाहेर सिग्नल लाल असावा, कारण रस्ताही क्षणभर थांबला. बाग गप्प झाली. जे फोनवर होते त्यांनी आवाज खाली आणला, मग उरलेल्यांनीही. दोन मिनिटं चौदा बाकांवर कुजबुज चालू होती. जिराफाजवळच्या नव्या बाकावर बसलेल्या काकू, त्याच त्या, फोन कानाशी घट्ट धरून म्हणाल्या, “नंतर करते. इथे ऐकू जातंय.” ते मला समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला आणि फाटकाबाहेर, बस थांबतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या.